बागेतलं झाड आणि अंदाजपत्रकातली एक ओळ

माझं काम अंदाजपत्रकांचं. पंप, पाइप, वॉटरप्रूफिंग, फरसबंदी यांतली एखादी गोष्ट नेमकं काय काम करते आणि तेच काम कमी खर्चात कसं होईल, हे शोधायला मला बोलावतात. या प्रकाराला व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणतात. प्रकल्पावरच्या निम्म्या लोकांच्या लेखी त्याचा अर्थ ‘आता कात्री लागणार’ एवढाच असतो. त्यांना दोष देत नाही. त्यांनी बहुतेक वेळा तेच पाहिलेलं असतं.

अलीकडे सार्वजनिक उद्यानांची कामं हाती येऊ लागली आणि झाडांची यादीही माझ्या टेबलावर यायला लागली. आमच्या चमूतले उद्यानतज्ज्ञ वयाने आणि अनुभवाने मोठे. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, “मॅडम, झाड म्हणजे पंप नव्हे.”

“मान्य, सर. पण हे झाड इथे काय करणार आहे?”

“शोभा देईल.”

“आणि त्या बाकावर दुपारी कोणी बसेल का?”

यावर त्यांनी नकाशा पुन्हा उलगडला. तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे आणि उद्यानाच्या यादीचं त्यात भलंच झालंय असं माझं मत आहे. सरांचं मत विचारलंत तर ते वेगळं सांगतील.

या पद्धतीचा उगम टंचाईतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स हा अभियंता खरेदी विभागात होता. हवा तो माल मिळत नसे, म्हणून तो विचारायचा की ही वस्तू मिळत नसेल तर तिचं काम दुसरं कोण करेल? 1947 मध्ये त्याने याची रीतसर पद्धत बसवली. त्या काळातला ॲस्बेस्टॉसचा किस्सा या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. कारखान्यात रंगकाम चालायचं तिथे जमिनीवर ॲस्बेस्टॉस अंथरायचं होतं आणि ते मिळेना. पुरवठादाराने विचारलं, कशासाठी हवंय? तर रंगाचे थेंब झेलायला, आणि आग लागू नये म्हणून न जळणारं हवं. तेच काम करणारा स्वस्त कागद बाजारात होता. पण कंपनीच्या अग्निसुरक्षेच्या नियमात ‘ॲस्बेस्टॉस’ असंच लिहिलेलं. कागद चालतो हे सिद्ध होऊनही नियम बदलायला वेळ गेला. उद्यानांच्या मंजूर वृक्षयाद्या पाहिल्या की मला हा नियम आठवतो. यादीत झाडाचं नाव असतं. ते कशासाठी निवडलं होतं, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

पद्धतीत प्रत्येक वस्तूचं काम एका नामात आणि एका क्रियापदात लिहायचं असतं. पाणी उचलणे. भार पेलणे. झाडांसाठी हे करताना एक गोष्ट लगेच लक्षात आली. काम झाडाचं लिहायला गेलं की यादी संपतच नाही, कारण झाड सगळंच करतं. काम जागेचं लिहावं लागतं. बाकाला काय हवंय? खेळायच्या जागेला? ओढ्याच्या काठाला? रस्त्याकडच्या कुंपणाला? मग कामं सुटी होतात: सावली देणे, पाणी मुरवणे, नजर अडवणे, धूळ धरणे, पक्षी पोसणे. आणि काही कामं गळूनही पडतात. रस्त्याच्या बाजूला ‘आवाज अडवणे’ हे काम हमखास लिहिलं जातं. झाडांची एक रांग आवाज जवळजवळ अडवतच नाही. त्यासाठी कित्येक मीटर रुंदीचा दाट पट्टा लागतो, नाहीतर भिंत. झाडांमुळे गाड्या दिसत नाहीत म्हणून गोंगाट कमी वाटतो, तो फायदा खरा आहे, पण मग काम ‘नजर अडवणे’ असं लिहा आणि त्यासाठी जमिनीपासून भरलेली झुडपं निवडा. बुंधा उघडा असणारं उंच झाड तिथे काहीच अडवत नाही.

सावलीच्या बाबतीत दोन शब्दांचं सूत्र अपुरं पडतं. कधी, हेही लिहावं लागतं. काटेसावर, पांगारा फुलतात तेव्हा देखणे दिसतात, पण ऐन ऊन तापायला लागतं तेव्हाच ते निष्पर्ण असतात. गुलमोहराचंही फुलण्याआधी तेच. करंज आणि कडुनिंब मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी पालवी घेऊन तयार होतात. थंड प्रदेशात हिशेब उलटा होतो. तिथे हिवाळ्यात ऊन खाली यावं म्हणून पानझडी झाड मुद्दाम लावतात. तेव्हा ‘पानं गळतात’ हा दोष की गुण, हे झाडावर ठरत नाही, कामाच्या महिन्यावर ठरतं. तसंच कुठे, हेही. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून बाकाची सावली बाकाच्या पश्चिमेला लावायची असते. आराखड्यात समतोल दिसावा म्हणून बाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक झाड असतं. त्यातलं पूर्वेचं झाड सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी. ते हवं असेल तर जरूर लावा, पण ते संध्याकाळचं काम करेल असं समजू नका.

खोट्या अशोकाबद्दल मला विशेष राग आहे. सरळसोट उंच वाढणारा, खाली झुकलेल्या फांद्यांचा तो. जागा कमी घेतो, रांगेत शिस्तीत दिसतो, रोप सहज मिळतं. वाटेच्या दुतर्फा ते लावतात, आणि वाटेवर सावली पडते ती छत्री मिटून धरावी तेवढी. कडेने हिरवी भिंत हवी असेल तर उत्तम झाड आहे. सावलीच्या खात्यात मात्र त्याला पैसे देऊ नयेत. सर म्हणतात मी त्या झाडाशी अन्याय करते. मी झाडाबद्दल बोलतच नाहीये, ते कुठे उभं केलंय त्याबद्दल बोलतेय.

कामं ठरली की पर्याय सुचवायचे आणि मग त्यांना गुण द्यायचे. कामांची दोन-दोनची जोडी लावून कुठलं जास्त महत्त्वाचं ते ठरवतात, त्यातून वजनं निघतात, आणि प्रत्येक झाडाला वजनागणिक गुण मिळतात. तक्ता देखणा होतो. आणि धोकादायकही, कारण 73 गुणांचं झाड 71 गुणांच्या झाडापेक्षा चांगलं आहे असं सगळ्यांना मनापासून वाटायला लागतं. वजनं आम्हीच चहा घेता घेता ठरवलेली असतात! दोन गुणांचा फरक म्हणजे बरोबरी, असं मी तक्त्याखाली ठळक लिहून ठेवते.

दुसरं, काही गोष्टींना गुण द्यायचेच नसतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिया विषारी आहेत. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेत ती सुंदर दिसते म्हणून 8, दुष्काळ सोसते म्हणून 9 आणि सुरक्षिततेत 1, अशी बेरीज करून तिला पास करता येत नाही. आधी चाळणी, मग गुण. विजेच्या तारांखाली किती उंच वाढेल, वाऱ्यात फांदी मोडते का, काटे, विष, आसपास पसरून दुसऱ्या झाडोऱ्याला मारते का, हे सगळं चाळणीतलं.

फक्त सुरुवातीचे गुण पाहिले की काय होतं त्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे ब्रॅडफर्ड पेअर. अमेरिकी कृषी खात्याने 1963 मध्ये हे शोभेचं झाड बाजारात आणलं. वसंतात पांढराशुभ्र फुलोरा, नीटनेटका आकार, भरभर वाढ, कुठल्याही मातीत तग, कीड नाही, रोप स्वस्त. आमच्या तक्त्यात ते नक्की पहिलं आलं असतं. पण त्याच्या फांद्या एकाच ठिकाणाहून अरुंद कोनात फुटतात. पंधरा-वीस वर्षांचं, म्हणजे खरं कामाला यायच्या वयाचं झालं, की वादळात किंवा बर्फाच्या भाराने ते मधोमध चिरतं. त्यात आणखी एक. हा वाण स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, म्हणून निर्धोक मानला होता. मग याच प्रजातीचे दुसरे वाण बाजारात आले, परस्पर संकर झाला, पक्ष्यांनी बिया नेल्या आणि झाड रानोमाळ पसरलं. ओहायो राज्याने 2023 पासून त्याची विक्री बंद केली. लावायला स्वस्त, काढायला महाग. आयुष्यभराच्या खर्चाचा रकाना तक्त्यात नसेल तर असलीच झाडं जिंकत राहतात.

पण समजा सगळे रकाने बरोबर भरले, तरी एक अडचण उरतेच, आणि ही मला पंपांच्या कामात कधी आली नव्हती. पंप चांगला निघाला तर सगळीकडे तोच बसवतात. सुटे भाग एक, मिस्त्री एक. झाडांच्या तक्त्यात एक जात पहिली आली की ती प्रत्येक ओळीत पहिली येते, आणि उद्यानभर एकच झाड उभं राहतं. उत्तर अमेरिकेतल्या शहरांनी हे दोनदा भोगलंय. आधी रस्तोरस्ती एल्म वृक्ष होते. डच एल्म रोगाच्या बुरशीने ते गेले. त्यांच्या जागी अनेक ठिकाणी ॲश लावले, कारण ॲश खरोखरच चांगलं झाड होतं. 2002 मध्ये मिशिगनमध्ये आशियातून आलेला एक हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली खोड पोखरतात. त्यानंतर कोट्यवधी ॲश मेले. निवड चुकीची नव्हती, तीच निवड सगळ्यांनी सगळीकडे केली होती.

फ्रँक सँटामूर या अमेरिकी वनस्पतितज्ज्ञाने 1990 मध्ये एक ठोकताळा मांडला: एका प्रजातीची झाडं 10 टक्क्यांहून जास्त नकोत, एका वंशाची (म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाची) 20 टक्क्यांहून, एका कुळाची (म्हणजे अशा वंशांच्या गटाची) 30 टक्क्यांहून. भुंगेऱ्यासारखी कीड कधीकधी अख्ख्या वंशालाच खाते, त्यामुळे हा आकडाही सैल आहे असं काहींचं म्हणणं असतं. ते असो. माझ्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी की मूल्य एकेका झाडाचं काढून चालत नाही, पूर्ण यादीचं काढावं लागतं. म्हणून आता आम्ही जागेनुसार पहिल्या तीन-चार क्रमांकांची झाडं काढतो आणि मग पूर्ण उद्यानाची बेरीज पाहून त्यांतून वाटणी करतो. काही जागी तिसऱ्या क्रमांकाचं झाड लागतं. ते त्या जागेपुरतं थोडं कमी आणि उद्यानासाठी जास्त मोलाचं. हे वरिष्ठांना समजावणं सोपं नसतं. “तिसरं का घेतलं?” हा प्रश्न लेखी येतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. निविदा फुगली की झाडांच्या बाबतीत कात्री कुठे लागते? खड्ड्याला. रोपांची उंची तशीच राहते, कारण उद्घाटनाच्या दिवशी ती दिसते. खड्डा कोणाला दिसत नाही. आणि कामाचं विश्लेषण केलं तर नेमकं उलटं निघतं. सावली, गारवा, पाणी मुरवणं, ही सगळी कामं पर्णसंभारावर अवलंबून आहेत. पर्णसंभार मुळांवर, आणि मुळं मोकळ्या मातीवर.

आकडेच मांडते. रूढ ठोकताळा असा की पर्णसंभाराच्या घेराखालच्या सावलीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे 0.3 ते 0.6 घनमीटर मुळांना चालणारी माती हवी. 8 मीटर व्यासाचा घेर म्हणजे साधारण 50 चौरस मीटर, म्हणजे 15 ते 30 घनमीटर माती. अंदाजपत्रकातला नेहमीचा खड्डा एक मीटर लांब, एक रुंद, एक खोल. एक घनमीटर! भोवती मोकळी जमीन असेल तर मुळं खड्ड्याबाहेर जातात आणि प्रश्न सुटतो. पण उद्यानात झाड बहुधा फरसबंदीत असतं किंवा कामाच्या वेळी रोलरने दाबून टणक केलेल्या भरावात. तिथे ते झाड कुंडीतच असतं, फक्त कुंडी जमिनीत पुरलेली असते. काही वर्षांनी एकतर ते खुरटतं, नाहीतर फरशी उचलतं. मग ‘या झाडाची मुळं वाईट’ म्हणून जातीवर खापर फुटतं.

खड्डा खोल करूनही फारसं साधत नाही. झाडाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभरात आडवी पसरतात, कारण हवा तिथे असते. म्हणून पैसा खोलीवर नको, रुंदीवर हवा. सलग चर काढून चार झाडांना मिळून माती द्यावी. एकाला लागेल तेव्हा ते शेजाऱ्याच्या वाट्यातली घेतं. फरसबंदीखाली दगडांच्या सांगाड्यात माती भरायची रीतही आहे. वरचा भार दगड पेलतात, मधल्या पोकळीत मुळं फिरतात. हे महाग पडतं हे मला अंदाजपत्रकवालीला सांगायला नको. त्यासाठी पैसे कुठून आणायचे? रोपातून.

मोठ्या उंचीचं, नर्सरीच्या जमिनीतून गोळ्यासकट उपटून आणलेलं रोप बहुतांश मुळं मागेच ठेवून येतं. समशीतोष्ण हवामानातला जुना ठोकताळा असा की खोडाच्या दर इंच जाडीमागे झाडाला सावरायला साधारण एक वर्ष लागतं. म्हणजे चार इंची रोप चार वर्षं नुसतं जागेवर उभं, पाणी पीत. लहान रोप लवकर सावरतं, आणि काही वर्षांत पुष्कळदा मोठ्याला गाठतं. ते स्वस्त, त्याची वाहतूक स्वस्त, क्रेन नको, आधाराचे खांब कमी. एवढंच पाहावं लागतं की पिशवीत जास्त दिवस राहून त्याची मुळं गोल-गोल गुंडाळलेली नाहीत ना. तशी मुळं पुढे आपल्याच खोडाला फास लावतात. निवडक रोपांची पिशवी फाडून तपासायचा हक्क निविदेत लिहून घ्यावा. ठेकेदार कुरकुरतो. कुरकुरू द्यावं.

लहान रोप आणि मोठी माती, ही माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली बचत आहे, आणि सगळ्यात कमी कौतुक झालेली. पहिल्या वर्षी फोटोत काहीच दिसत नाही. सर मात्र या एका मुद्द्यावर पहिल्यापासून माझ्या बाजूने होते. ते हे तीस वर्षं सांगत होते, आकड्यांशिवाय.

पैशाच्या बाजूला आणखी एक गाठ आहे. अंदाजपत्रकातली बाकी सगळी कामं पूर्ण झाल्याच्या दिवसापासून झिजायला लागतात. झाडाचं उलट असतं. त्याचं मोल वयाबरोबर वाढतं. पण भविष्यातल्या लाभाची आजची किंमत काढताना आपण वटावाचा दर लावतो, म्हणजे पुढच्या प्रत्येक वर्षामागे ती ठरावीक टक्क्यांनी कमी धरतो. 8 टक्के दर धरला तर तीस वर्षांनंतरचे 100 आजचे फक्त 10 उरतात. 3 टक्क्यांनी 41 उरतात. म्हणजे वटवृक्ष हवा की भरभर वाढून वीस वर्षांत संपणारं झाड हवं, हा निर्णय वनस्पतिशास्त्र घेतच नाही. तो कोणीतरी एक्सेलच्या कोपऱ्यातल्या एका खान्यात आधीच घेऊन ठेवलेला असतो. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या मार्गदर्शिकेत सार्वजनिक कामांसाठी हा दर 3.5 टक्के आहे आणि तीस वर्षांनंतर तो आणखी उतरत जातो. व्यापारी कर्जाचा दर उचलून उद्यानाला लावणारे लोक भेटले की मी आता गणित पुढे जाऊ देत नाही. आधी त्या खान्यावर चर्चा, मग झाडांवर.

देखभालीबद्दल थोडक्यात. पहिल्या दोन-तीन वर्षांचं पाणी आणि सुरुवातीच्या वर्षांतली आकार देणारी छाटणी हे लागवडीच्याच कामात धरायचं, वेगळ्या निविदेत नाही. वेगळी निविदा निघेपर्यंत उन्हाळा निघून जातो.

राहिला एक प्रश्न, जो पद्धतीत सगळ्यात आधी विचारायचा असतो आणि आम्ही झाडांच्या बाबतीत शेवटी विचारत होतो: हे काम आत्ताच कोणी करतंय का? उद्यानाच्या जागेवर बरेचदा एखादं जुनं झाड आधीच उभं असतं. आराखड्यातली वाट नेमकी त्याच्या बुंध्यातून जाते, आणि ‘एकाच्या बदल्यात दहा’ असा शेरा मारून ते यादीतून वजा होतं. दहा रोपांची पानं मिळून त्या एका घेराच्या पानांची बरोबरी करायला किती काळ लागेल, हे कोणी मोजत नाही. वाट वळवायला किती लागतं, हे मात्र मोजता येतं. ब्रिटिश मानकानुसार खोडाच्या जाडीच्या बारापट त्रिज्येत मुळं राखायची. 60 सेंटिमीटर खोडाला 7.2 मीटर. तेवढ्याने वाट सरकवायची म्हणजे थोड्या जास्तीच्या फरशा आणि ड्राफ्ट्समनची एक दुपार. आमच्या तक्त्यात आता पहिल्या ओळी जागेवरच्या झाडांच्या असतात आणि प्रत्येकीपुढे वाट वळवायचा खर्च लिहिलेला असतो. आर्किटेक्टला हा रकाना आवडत नाही. सरांना फारच आवडतो.